ढवळ्या-मुंगशाचा पोळा

हरिभाऊ लोहकरे त्या दिवशी आपल्याच घराच्या मागच्या दारानं बाहेर पडायला निघाला. चपला हातात घेतल्या होत्या आणि खोकला घशात दाबून धरला होता.

"पुढच्या दारानं जा ना जी," रामबाई चुलीपासून म्हणाली. "घर तुमचंच हाये."

"हळू बोल. त्याहिले कळन."

"त्याहिले कवाचं कळलं. पुढचं दार सोडून मागं येऊन उभे हायेत."

हरिभाऊनं दार जरा लोटून पाहिलं. कुंपणाला लागून दोन राजहंस उभे होते. एक पांढराशुभ्र, दुसरा मुंगसाच्या रंगाचा. हरिभाऊचं नाक दिसताच दोघांनी माना जमिनीलगत लांब केल्या आणि सारा मोहल्ला जागा होईल असा ओरडा केला. हरिभाऊला पोळ्याच्या आधी एक गुपचूप काम उरकायचं होतं, आणि हे दोघं मागं असताना गुपचूप काम करणं म्हणजे बँडबाजा लावून चोरीला निघण्यासारखं होतं.

"कोठ्यात कोंड त्याहिले," तो म्हणाला. "मी एस्टीत बसेपर्यंत सोडू नोको."

कोठा बैलांचा होता, पण त्यात बैल नव्हते. गेल्या पोळ्यानंतर हरिभाऊनं आपली जोडी विकली. गुडघे चालेनात, आणि बैलांमागं चालल्याशिवाय बैल ठेवण्यात अर्थ नव्हता. पांढऱ्या बैलाचं नाव ढवळ्या, दुसऱ्याचं मुंगशा. जोडी बाहेर कुठं गेली नाही. रामबाईचा धाकटा भाऊ नत्थू याच्याच दावणीला गेली. तरी हरिभाऊ कित्येक दिवस संध्याकाळी रिकाम्या कोठ्यापुढं उभा राहून सवयीनं हाक मारायचा, "हो ढवळ्या, हो मुंगशा."

लेक स्वीटी वर्ध्याला दिलेली. तिला वाटलं, बाप असा बसून राहिला तर खचेल. वावरात शेततळं होतंच. तिनं बदकांची पिलं आणून दिली आणि सोबत राजहंसाची दोन अंडी. बदकं शहाणी निघाली. सकाळी तळ्यावर जायची, संध्याकाळी रांगेनं परत यायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अंडी मात्र रामबाईनं खुडूक कोंबडीखाली ठेवली. आता कोंबडीचे दिवस वेगळे आणि राजहंसाचे वेगळे. कोंबडीनं आपले दिवस भरेपर्यंत अंडी उबवली, काही निघत नाही असं पाहिलं, आणि उठून उकिरड्यावर चरायला निघून गेली.

त्याच सुमाराला हरिभाऊ विहिरीच्या पायरीवर घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर पडला. रामबाईनं दोन्ही अंडी त्याच्या गोधडीत ठेवली. "कामं तं काई नाई तुमाले," ती म्हणाली, "पडल्या पडल्या एवढं तरी करा." त्यानं केलं. कूस बदलतानासुद्धा तो जपून बदलायचा. आणि एका दुपारी त्याच्या काखेतून दोन ओली मुंडकी वर आली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर हरिभाऊची मिशी होती. त्या दिवसापासून ती मिशी जिथं जाईल तिथं ते दोघं जाऊ लागले. एक पांढरा झाला, दुसरी मुंगशी. संध्याकाळी हरिभाऊनं सवयीनं हाक मारली की ते पळत यायचे, म्हणून नावंही तीच पडली. मुंगशा ही मादी आहे हे पुढं कळलं, पण तोवर नाव अंगी लागलं होतं.

आता पोळा तोंडावर आला होता आणि हरिभाऊपुढं पेच होता. गावच्या पोळ्यात तोरणाखाली पहिली जोडी लोहकऱ्यांची उभी राहायची. हा मान त्याच्या आजापासूनचा. हरिभाऊच्या घरात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. ना घरात कोणाला नोकरी, ना दाराला गाडी. वर्षातून एक दिवस सारं गाव त्याच्या मागं चालायचं, एवढंच. पण एका पोळ्याला जरी जोडी उभी राहिली नाही, तर मान पुढच्या घराकडं जाणार. आणि पुढचं घर होतं मधुकररावाचं.

मधुकररावाकडं ट्रॅक्टर होता आणि बैलांची जोडीही होती. जोडी फक्त पोळ्यासाठी. तिनं कधी जू पाहिलं नव्हतं. वर्षभर पेंड खाऊन ती इतकी सुटली होती की कोठ्याचं दार वाढवावं लागलं होतं.

हरिभाऊ एस्टीच्या थांब्यावर पोचला तेव्हा मधुकरराव तिथल्या टपरीवर चहा पीत बसला होता.

"कोठं निंगाले, हरिभाऊ?"

"दवाखान्यात. गुडघ्यानं लय परेशान केलं."

"दवाखाना तं समुद्रपूरले हाये. हे गाडी गिरडले चालली."

हरिभाऊनं गुडघा चोळला. "डॉक्टरनं गुन नाई आला. म्हटलं दर्ग्यावर जाऊन पाहाव."

"गुडघे दुखते अन् टेकडी चढता?"

"थेच त सांगाले चाललो वर."

तेवढ्यात गल्लीतून ओरडा ऐकू आला. रामबाईनं शेण काढायला कोठ्याचं दार उघडलं होतं. दोन्ही राजहंस पंख पसरून, पाय आपटत, रस्त्याच्या मधोमध धावत येत होते. एस्टीही त्याच वेळी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, कंडक्टर खाली उतरला.

"काका, हे तुमच्यासंगं हायेत का?"

"बसून नाई राह्यले. पोचवाले आले."

"मंग सांगा त्याहिले घरी जा म्हनून. गाडी लेट करून राह्यले माही."

शेवटी टपरीवाल्यानं दोघांवर पोतं टाकून त्यांना धरलं आणि हरिभाऊ खिडकीबाहेर न बघता गिरडच्या रस्त्याला लागला. मधुकररावानं चहाचा दुसरा कप सांगितला. त्या रस्त्यावर, गिरडच्या अलीकडं, नत्थूचं गाव लागतं हे त्याला ठाऊक होतं.

नत्थू मेहुणा म्हणून भला होता. त्याच्याकडं आणखी एक जोडी होती, ती तो आपल्या गावच्या पोळ्यात नेणार होता.

"न्या ना भाऊजी," तो म्हणाला. "तुमचेच बैल हायेत. माह्या घरी खाऊन खाऊन थोडे लाडावले, बाकी काई नाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी नत्थूचा गडी जोडी आणून बांधून गेला. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मधुकरराव आणखी चौघांना घेऊन कुंपणापाशी आला.

"हरिभाऊ, हे बैल तं तुम्ही इकले होते."

"इकले ना. सोयऱ्याच्या घरून आले सनाले. सोयरे येत नाईत का तुमच्या घरी?"

"पाव्हन्याच्या जिवावर मान घेता का?"

हरिभाऊ याच प्रश्नाची वाट पाहत होता. "रीत काय हाये, मधुकरभाऊ? तुम्हीच सांगा. चार मानसं हायेत इथं."

रीत सगळ्यांना माहीत होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जनावराच्या खांद्याला हळद-तूप लावून खांद शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ज्या दारात जनावरानं तोंड वळवून आवतण घेतलं आणि पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा घास खाल्ला, त्या घरची ती जोडी. विकत आणली की मागून आणली, याची चौकशी पोळा करत नाही.

मधुकरराव हसला. "ठीक हाये. आवतन घेतलं अन् घास खाल्ला, तं मीच म्हनीन तुमची जोडी म्हनून. पन नाई खाल्ला, तं उद्या तोरनाखाली मी. हे चारही जन साक्षी हायेत."

"मंजूर," हरिभाऊ म्हणाला.

त्याला वाटलं, बैलांना पुरणपोळी खाऊ घालण्यात अवघड ते काय.

अवघड हे होतं की कोठा आता राजहंसांचा होता. जन्मापासून ते तिथं झोपत आले होते. आपल्या जागी दोन डोंगर येऊन उभे राहिलेले पाहून राजहंस ढवळ्यानं मान खाली घातली, फुस्स असा आवाज काढला आणि बैल ढवळ्याची शेपटी चोचीत धरली. बैल ढवळ्यानं उभ्या जन्मात नांगर ओढला, नाला ओलांडला, एकदा तर रानडुकरापुढं उभा राहिला. पण शेपटीला लोंबकळणारं पांढरं काही त्यानं पाहिलं नव्हतं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मुंगशा बैल त्याच्या आड लपला.

संध्याकाळी हरिभाऊ तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला लावू लागला. एक पान लावलं की दुसरं घ्यायला वळावं, तर पान नाही. मुंगशा मागं उभी राहून पळसाची पानं संपवत होती.

"हाकल ना वं हिले," हरिभाऊ म्हणाला.

"तुमच्या पोटचे पोट्टे," रामबाई म्हणाली. "मायं कोठं आयकते."

खांद शेकून झाली. हरिभाऊनं हात जोडले, गळा साफ केला आणि बापजाद्यांच्या सुरात म्हणाला, "हो ढवळ्या, हो मुंगशा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलांनी तोंड भिंतीकडं केलेलं होतं, ते तसंच राहिलं. दोन्ही राजहंस मात्र त्याच्या पायाशी आले, माना उंच केल्या आणि एका सुरात ओरडले. रामबाईनं पदर तोंडाला लावला.

"घेतलं पाहा आवतन. आता जेवाले घालाच लागन."

"हासू नोको. बैलाहिनंबी आयकलं."

"आयकलं असन. घेतलं मात्र नाई."

पोळ्याच्या दिवशी सकाळी हरिभाऊनं राजहंसांना तळ्यावर नेऊन सोडलं आणि स्वतः पळत घरी आला. गुडघ्याच्या मानानं ते पळणंच होतं. तो पोचला तेव्हा ते दोघं त्याच्या आधी दारात उभे होते. त्यांनी वावरातून आडवी वाट धरली होती.

बैलांची शिंगं रंगली, कपाळाला बाशिंगं बांधली, गळ्यात घुंगरू आणि पाठीवर लाल गोंड्यांच्या झुली आल्या. रामबाईनं परडीत पुरणपोळ्या, वडे, वाटीभर कढी असा सगळा नैवेद्य आणून पुढं ठेवला. बैल ढवळ्यानं एकदा वास घेतला. हरिभाऊनं परडी आणखी पुढं सरकवली. बैलानं जीभ बाहेर काढली. त्याच घडीला झुलीचा लाल गोंडा वाऱ्यानं हलला, आणि हलणारा गोंडा पाहून राजहंस ढवळ्याला राहवलं नाही. त्यानं गोंडा धरून असा हिसका दिला की झूल अर्धी खाली आली आणि बैलाच्या पायांत अडकली.

पुढं जे झालं ते फार लवकर झालं. पावसानं जमीन मऊ होती. खुंटा मुळासकट वर आला. एक बैल सुटला, त्याच्या मागं दुसरा दावं तोडून निघाला, आणि बाशिंगं बांधलेली, शिंगं रंगवलेली ती जोडी फाटकातून बाहेर पडून गिरडच्या रस्त्याला लागली. हरिभाऊ मागं धावला. राजहंस हरिभाऊच्या मागं धावले. बैलांनी मागं वळून पाहिलं, कोण येतंय ते दिसलं, आणि वेग वाढवला.

हरिभाऊ गावाबाहेरच्या वडापर्यंत धावून परत आला. कोठ्यात रामबाई परडीकडं बघत उभी होती. राजहंस आडवाटेनं पुन्हा आधीच पोचले होते आणि पुरणपोळी संपवून वड्याकडं वळले होते.

थोड्या वेळानं नत्थूचा फोन आला.

"भाऊजी, बैल घरी आले."

"घेऊन ये ना बाप्पा लवकर."

"उठत नाईत. पानी पेले अन् बसले. बाशिंग लय छान बांधलं तुम्ही, पोट्टे पाहाले येऊन राह्यले."

"मारून उठव."

"आज पोळा हाये, भाऊजी. आज कोन मारते बैलाले."

हे खरं होतं. हरिभाऊनं फोन ठेवला आणि ओसरीवर बसून राहिला. बापानं ज्या फेट्याखाली मान मिरवला तो फेटा खुंटीला होता. रामबाईनं तो काढून त्याच्या मांडीवर ठेवला. आता ती हसत नव्हती.

"जाव लागन जी. घरी बसून मान गेला तं लोक म्हनतीन पयाला. जाऊन द्या."

हरिभाऊनं फेटा बांधला. हातात रिकामे कासरे घेतले, कारण रिकाम्या हातांनी त्या वाटेनं तो कधी गेला नव्हता. फाटकाशी वळून त्यानं राजहंसांना दम दिला. "आज तरी येऊ नोका." त्यांनी ऐकून घेतलं आणि मागोमाग निघाले. एकाच्या पंखावर अर्धा गोंडा चिकटला होता, तोही कोणी काढला नाही.

मारुतीच्या देवळापुढं तोरण बांधलं होतं. आंब्याची आणि पळसाची पानं ओवलेला दोर दोन खांबांना आडवा, आणि एका बाजूला त्याचं टोक जमिनीपर्यंत लोंबत होतं. गावच्या साऱ्या जोड्या रांगेत उभ्या होत्या. डफडेवाले तयार होते. त्यांना एवढंच सांगितलेलं असायचं की तोरण पडलं की वाजवायचं, कारण तोरण पडलं म्हणजे पोळा फुटला. पुढं कोण उभं आहे हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पोळा फुटला की मानाची जोडी पहिल्यांदा देवळाला लागून असलेल्या घरी जायची, तिथं तिचे पाय धुवायचे, ओवाळायचं, मग ती पुढं सरकली की मागच्या जोडीचे. देवळाला लागून घर मधुकररावाचं होतं. त्याची बायको जया दारात मोठी पितळी परात आणि पाण्याची घागर घेऊन उभीच होती.

पोलीस पाटलांना वयानं कमी दिसायचं. त्यांनी दरवर्षीसारखी हाक दिली, "मानाची जोडी, हरिभाऊ लोहकऱ्याचे ढवळ्या-मुंगशा, पुढं या."

हरिभाऊ मागं गर्दीत उभा होता. मान परत करायचे शब्द त्यानं वाटेत जुळवले होते. पण आपलं नाव ऐकून ढवळ्या निघाला होता. त्याच्या मागं मुंगशा. माणसांच्या पायांतून, बैलांच्या पोटाखालून, माना ताठ ठेवून ते दोघं डुलत डुलत आले आणि तोरणाखाली जाऊन थांबले.

आधी पोरं हसली, मग बाया, मग सारा पोळा. पाटलांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"जोडी औंदा लहान वाटून राह्यली, हरिभाऊ."

"पाटील, थे बैल नाईत," मधुकरराव पुढं आला. त्यानं कडक इस्त्रीचं पांढरं धोतर नेसलं होतं. "बतक होय थे. कालच्या बैलाहिनं यायच्या घरचा घासबी खाल्ला नाई, पयून गेले. बोली झाली होती. चार जन साक्षी हायेत."

"बोली काय होती?" पाटलांनी विचारलं.

साक्षीदारांतला एक खरं बोलणारा निघाला. "ज्यानं आवतन घेतलं अन् घास खाल्ला, थे हरिभाऊची जोडी. असं मधुकरभाऊच म्हनले."

"मंग आवतन कोनं घेतलं?"

हरिभाऊला खोटं बोलता आलं असतं, पण देऊळ समोर होतं. त्यानं कासरे खाली ठेवले. "याहिनं," तो म्हणाला. "म्या बैलाहिले देल्लं, घेतलं याहिनं."

"अन् घास?"

"सारी परडी," रामबाई बायांमधून म्हणाली. "कढीसुदिक नाई ठेवली."

पुन्हा हसू उसळलं. मधुकरराव लाल झाला. "अवो, पन पोळा कष्टाच्या जनावराचा हाये. पाखराचा नाई. यायनं काय कष्ट केले?"

यावर सीताबाई उठली. ही गावातल्या निंदणाऱ्या, म्हणजे पिकातलं गवत काढणाऱ्या, बायांची म्होरकी. दर हंगामात कोणाच्या वावरात किती बाया जाणार हे तीच ठरवायची. ती हरिभाऊवर पावसाळाभर रुसलेली होती आणि आज चार लोकांत ते बोलून दाखवायचं म्हणूनच आली होती.

"कष्ट इचारता? मले इचारा. आमच्या पोटावर पाय देल्ला याहिनं. दरसाल हरिभाऊच्या कपाशीत आम्ही निंदाले जातो. औंदा बलावलं नाई. कायले बलावतीन? हा मानूस कपाशीच्या दोन ओळीमंधल्या तासातून चालते, हे दोघं मागून चालते, अन् सारं गवत खाऊन टाकते. कपाशीच्या पानाले चोच लावत नाईत. एक बोंड पाडत नाईत. म्या सोता पाह्यलं, मधुकरभाऊच्या ट्रॅक्टरमागच्या डवऱ्यानं गवत निंघते, त्याच्यापक्षा साफ. बंद करा म्हना हे."

तिनं तक्रार केली होती, पण लोक राजहंसांकडं बघू लागले.

"तास काढते म्हना की," मागून कोणी म्हणालं. "थे तं बैलाचंच काम झालं."

"म्या तसं नाई म्हटलं," सीताबाई म्हणाली.

"तसंच म्हटलं, मावशी."

"अन् मधुकरभाऊच्या जोडीनं औंदा किती तास काढले?" दुसऱ्यानं विचारलं.

मधुकररावाची जोडी उन्हात धापा टाकत उभी होती. तिला घरापासून देवळापर्यंत येण्याचाच शीण झाला होता. हे अंगावर येतंय असं पाहून त्यानं ते हसण्यावारी न्यायचं ठरवलं. तोरणाखाली झडती म्हणायची चाल आहे. दुसऱ्याच्या जोडीची टिंगल दोन ओळींत करायची आणि महादेवाच्या नावानं सोडून द्यायची. त्यानं हात वर केला.

"दावनीले नाई शिंग, कोठ्यात नाई शेपटी,
हरिभाऊची जोडी पाहा, पंखाची अन् चपटी.
हर बोला, हर हर महादेव."

लोकांनी गजर केला. झडतीला झडतीनंच उत्तर द्यायचं असतं. हरिभाऊ मान द्यायला आला होता, भांडायला नाही. पण फेटा डोक्यावर होता आणि झडती म्हणण्यात त्याच्या बापाचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"मधुकरभाऊच्या जोडीले मखमलीची झूल,
डवरा पाहून म्हनते, झाली तुमची भूल.
हर बोला, हर हर महादेव."

या वेळचा गजर नाल्यापलीकडं गेला. मधुकररावाची स्वतःची बायको परात मांडीशी धरून हसत होती, हे त्यानं पाहिलं.

पाटलांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बोली इकडून पटते, रीत तिकडून पटते. पन पाखराच्या नावानं तोरन तोडलं तं आजूबाजूचे गावं काय म्हनतीन? मले जरा इचार करू द्या."

ते विचार करू लागले. मुंगशाला विचार करायचा नव्हता. कालची पळसाची पानं तिला आवडली होती आणि तीच पानं दोराच्या टोकाला तिच्या चोचीपुढं हलत होती. तिनं एक पान ओढलं. ते दोराला घट्ट ओवलेलं होतं. तिनं पाय रोवले आणि सारं अंग मागं टाकलं. मदतीला ढवळ्या आला. खांबावरची गाठ सरकली आणि अख्खं तोरण पाटलांच्या डोक्यावरून खाली आलं.

तोरण पडलं. डफडी वाजली. डफडी वाजल्यावर बैल कोणासाठी थांबत नाहीत. सारी रांग हलली, आणि तिच्या पुढं, गळ्यात पानांचा दोर अडकलेले दोन राजहंस होते. पाटलांनी डोक्यावरची पानं झटकली.

"फुटला बाप्पा पोळा," ते म्हणाले. "आता कोनाले काय सांगता."

एकदा फुटलेला पोळा परत बांधता येत नाही. हरिभाऊ पुढं झाला, राजहंस त्याच्या मागं, आणि त्यांच्या मागं गाव. पहिलं दार मधुकररावाचं. जयानं पदर सावरला, नवऱ्याकडं पाहिलं, मग रिवाजाप्रमाणं परात खाली ठेवून तिच्यात घागर ओतली. बैल असता तर एकेक खूर त्यात ठेवून धुतला असता. ढवळ्यानं परातीतलं पाणी पाहिलं आणि दोन्ही पायांनी आत उतरून खाली बसला. मुंगशा त्याच्या शेजारी घुसली. तिनं चोचीनं पाणी पाठीवर घेतलं, पंख झाडले, आणि मधुकररावाचं इस्त्रीचं धोतर गुडघ्यापासून खाली भिजलं.

"पाय धुवून झाले ना," मधुकरराव म्हणाला. "जाऊ द्या पुढं."

जयानं कुंकू लावलं, ओवाळलं, पोळीचा तुकडा दिला. त्यांनी तो खाल्ला आणि पुन्हा बसले. दिवस उन्हाचा होता आणि पाणी गार होतं.

मानाची जोडी पुढं सरकल्याशिवाय मागच्या जोडीचे पाय धुता येत नाहीत. मागच्या जोडीच्या मागं सारी रांग होती, देवळाला वळसा घालून एस्टीच्या थांब्यापर्यंत. मागून लोक ढकलत होते, पुढचे बैल मधुकररावाच्या सारवलेल्या अंगणात शिरले होते, आणि उभ्या उभ्या बैल जे करतात ते करू लागले होते. एकानं दारचं जास्वंदीचं झाड खायला घेतलं. मधुकररावानं राजहंसांना हाकलायला हात उचलला. ढवळ्यानं मान खाली घातली आणि फुस्स केलं. हात खाली आला.

हरिभाऊला माहीत होतं की आपण इथून चालायला लागलो की ते दोघं उठून मागं येतील. तो चालला नाही. फेट्याचा शेमला खांद्यावरून सारखा करत तिथंच उभा राहिला.

"हरिभाऊ," मधुकरराव शेवटी म्हणाला. आवाज खाली होता, पण डफडी नेमकी त्याच वेळी थांबली होती, त्यामुळं तो रांगेत लांबवर ऐकू गेला. "तुमची जोडी उठवा ना."

"काय उठवू, मधुकरभाऊ?"

"जोडी. तुमची जोडी."

हरिभाऊनं पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी ऐकल्याची मान हलवली.

"उठन ना," हरिभाऊ म्हणाला. "औंदा पहिल्यांदाच आली तुमच्या दारात. थोडी बुजली हाये."

मधुकररावानं वळून बायकोला सांगितलं, "जया, चहा ठेव." हरिभाऊनं ओट्यावरची जागा उपरण्यानं झटकली आणि गुडघा जपत बसला. परातीत ढवळ्यानं मान वळवून पंखात खुपसली आणि डोळे मिटले.